कमेटीची जुनी इमारत नेमकी किती जुनी, हे कसं काढायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या गावच्या नगरपरिषदेची जुनी इमारत रिकामी पडली आहे. कार्यालय नव्या इमारतीत गेल्यापासून तिथे मोडक्या खुर्च्या आणि पाणीपुरवठ्याचे पाइप ठेवतात. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर शके १८५७ कोरलेलं आहे. गावातली वडीलधारी मंडळी मात्र इमारत भोसल्यांच्या काळातली असल्याचं सांगतात. अभियंत्याने ती 'जीर्ण' ठरवली आहे आणि तिथे दुकानांचे गाळे काढायचा विषय सभेपुढे येणार आहे. तुम्ही शाळेत इतिहास शिकवता. सभेत उभं राहून बोलायचं तर हातात खरा इतिहास हवा, आणि तो कुठून शोधायला लागायचं हे तुम्ही विचारलं आहे.

मी नागपुरात राहतो. पंचवीसेक वर्षं विदर्भातल्या जुन्या सार्वजनिक इमारतींची मोजमापं घेणं, त्यांचे कागद शोधणं आणि जमेल तिथे दुरुस्ती करून देणं हेच माझं काम आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. पाटी आणि म्हातारी माणसं यांपैकी कोणालाच लगेच खोटं ठरवू नका. लहान गावातली नगरपालिकेची इमारत बहुधा एका वर्षात एका हातानं बांधलेली नसते. हातात पैसा आला तशी ती वाढत गेलेली असते. म्हणून 'इमारत कधीची' असं न विचारता 'कोणता भाग कधीचा आणि त्याला पैसा कुठून आला' असं विचारा. पैशाचा माग लागला की बाकीचं उलगडायला लागतं.

आधी भोसल्यांचा मुद्दा घेऊ. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले, आणि दत्तक नाकारून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली. नागपूरची नगरपालिका १८६४ ची. आपल्या जिल्ह्यात उमरेड, रामटेक, खापा इथल्या नगरपालिका १८६७ च्या. म्हणजे 'नगरपालिकेची इमारत' म्हणून बांधलेलं काहीही भोसल्यांच्या काळातलं असू शकत नाही, कारण ती संस्थाच तेव्हा नव्हती. पण भोसल्यांच्या काळातला एखादा वाडा, कमाविसदाराची, म्हणजे महसूल अधिकाऱ्याची कचेरी किंवा धर्मशाळा पुढे नगरपालिकेने घेतली असणं अगदी शक्य आहे. म्हाताऱ्यांच्या सांगण्यात नेमकं तेवढंच तथ्य असू शकतं. त्यांना हेही विचारून बघा की त्यांचे आजोबा त्या इमारतीला काय म्हणायचे. नागपूरकडे नगरपालिकेला कोणी नगरपालिका म्हणत नसे. मध्य प्रांतात तिचं नाव म्युनिसिपल कमिटी, म्हणून लोकांच्या तोंडी 'कमेटी'. कमेटीचा नळ, कमेटीचा दिवा, कमेटीची शाळा. एखादी म्हातारी त्या इमारतीला 'कमेटी' न म्हणता 'कचेरी', 'नाका' किंवा 'सराय' म्हणत असेल, तर तो शब्द लिहून घ्या. आधीचा वापर त्या नावातच राहून गेलेला असतो.

नागपूरचंच उदाहरण देतो, कारण संस्था आणि तिची जागा यांचं नातं त्यातून चांगलं कळतं. ज्या १८६४ मध्ये नगरपालिका सुरू झाली, त्याच वर्षी महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा आगीत गेला. काळ्या पाषाणाचा, लाकडावरच्या कोरीव कामाने भरलेला तो वाडा. मागे उरला तो नगारखान्याचा दरवाजा. पण वस्ती, बाजार, सावकारी पेढ्या सगळं महाल, इतवारी, बुधवारी या भागातच होतं. साहेबांचं नागपूर पश्चिमेला, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्समध्ये. आज महानगरपालिकेचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, पण तिच्या सर्वसाधारण सभा अनेक वर्षं महालातल्या टाऊन हॉलमध्ये भरत आल्या. प्रशासन एका टोकाला आणि लोकप्रतिनिधींची बैठक जुन्या वस्तीत, ही रचना आपोआप झालेली नाही. शहराचा कर भरणारा माणूस जुन्या वस्तीत राहत होता. तुमच्या गावातही बघा, जुनी इमारत तहसील कचेरीच्या बाजूला आहे की बाजाराच्या तोंडाशी? कचेरीला चिकटून असेल तर ती बहुधा सरकारी अधिकारीच अध्यक्ष असतानाच्या काळातली जागा. बाजारात असेल तर लोकनियुक्त सभासदांचा हात वर झाल्यानंतरची.

हा बदल कधी झाला, हे माहीत असलं की कागद शोधणं सोपं जातं. सुरुवातीच्या कमिट्या नावाच्याच होत्या. डेप्युटी कमिशनर किंवा तहसीलदार अध्यक्ष, चार प्रतिष्ठित लोक सभासद, बैठक तहसीलच्या खोलीत. स्वतंत्र इमारतीची गरजच नव्हती. १८८२ मध्ये व्हाइसरॉय रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८३ मध्ये मध्य प्रांताचा त्यासंबंधीचा कायदा झाला, मग १८८९, १९०३ आणि १९२२ असे नगरपालिकांचे कायदे आले. १९२२ चा कायदा विदर्भात पुढे १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा लागू होईपर्यंत चालला. प्रत्येक कायद्यानंतर कमिटीचे अधिकार वाढले, कारकून वाढले, दप्तर वाढलं, आणि मग जागा अपुरी पडायला लागली. बहुतेक गावांत पहिली स्वतःची खोली १८८० नंतरची आणि मोठं सभागृह १९२२ नंतरचं असतं, असं माझ्या पाहण्यात आहे. तुमच्या पाटीवरचं शके १८५७ म्हणजे १९३५-३६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. हा काळ या हिशेबात अगदी बसतो.

पण १९३५ दिसलं की मी जरा थांबतो. ते पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचं वर्ष. देशभर त्या वर्षी पाट्या बसल्या, दिवाणखान्यांची, दवाखान्यांची, बागांची नावं 'जुबिली' झाली. १८८७ आणि १८९७ ही व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवांची वर्षं, १९११ दिल्ली दरबाराचं, १९३७ सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं. या पाच वर्षांपैकी एखादं पाटीवर असलं तर इमारत त्याच वर्षी उभी राहिली असं धरू नका. आधीच असलेल्या इमारतीला एखादं दालन जोडून, कधी नुसता व्हरांडा काढून, समारंभपूर्वक पाटी बसवली जाई. पाटीवर शके आहे, सरकारी पद्धतीचं इंग्रजी साल नाही, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. देणगीदार किंवा सभासद मराठी ब्राह्मण, कुणबी, कोष्टी असे असतील तर शके लिहीत. मारवाडी व्यापाऱ्याने पैसे दिले असतील तर पाटीवर विक्रम संवत येतो, त्यातून ५७ वजा करायचे. पाटीवर सालाच्या खाली नाव आहे का, ते ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात बघा. सकाळी आठच्या उन्हात जी अक्षरं दिसतात ती दुपारी दिसत नाहीत.

आता कागद. यात सगळ्यात मोलाचं म्हणजे प्रोसिडिंग बुक, सभेच्या ठरावांची बही. ती नगरपरिषदेच्या रेकॉर्ड रूममध्ये असते. बहुतेक ठिकाणी लाल खारव्याच्या बस्त्यात बांधून, कपाटावर, आणि कपाटाच्या मागे सुद्धा. 'जुनं काही नाही' हे उत्तर तुम्हाला पहिल्या दिवशी मिळणारच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, पण त्यात प्रती मागू नका, अभिलेखांचं अवलोकन करू देण्याची मागणी करा. प्रती मागितल्या तर 'कोणत्या ठरावाची' असं विचारतात आणि तुम्हाला तेच तर माहीत नसतं. एकदा खोलीत बसायला मिळालं की रोज दोन तास द्या. सोबत एक विद्यार्थी न्या, तो पानांचे फोटो काढील आणि तुम्ही वाचाल.

ठरावांत 'इमारत' हा शब्द शोधत बसू नका. भाड्याच्या नोंदी शोधा. कमिटी कोणाच्या तरी वाड्यात भाड्याने होती का, भाडं किती आणि ते कधी थांबलं? भाडं देणं ज्या वर्षी थांबतं, त्या वर्षी स्वतःची जागा आली. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत कर्ज, देणगी किंवा जकातीच्या उत्पन्नातली वाढ दिसेल. आपल्याकडच्या कमिट्यांचं मुख्य उत्पन्न जकात होतं. कापसाची, धान्याची, गुळाची, कापडाची गाडी गावात शिरली की नाक्यावर पैसे. म्हणून गावाचा व्यापार तेजीत आला की चार-पाच वर्षांत कमिटीची इमारत उभी राहते. कोष्ट्यांच्या गावांत, म्हणजे उमरेड-खाप्याकडे, हातमागाच्या चांगल्या दिवसांचा संबंध लागतो. काटोल-सावनेरकडे जिनिंग फॅक्टऱ्या आल्या तेव्हाचा. रामटेककडे १९०० नंतर मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या, तो काळ तपासावा लागतो. उलट १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या वर्षांत किंवा प्लेगच्या साथीच्या दिवसांत कमिटीने दिवाणखाना बांधला असं कोणी सांगितलं, तर मी कागद बघितल्याशिवाय मान डोलावत नाही.

नगरपरिषदेत काहीच सापडलं नाही तर नागपूरला या. सिव्हिल लाइन्समध्ये राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं नागपूर कार्यालय आहे, तिथे मध्य प्रांताच्या सचिवालयाची दप्तरं आहेत. कमिटीला कर्ज घ्यायचं, जमीन घ्यायची किंवा कर बसवायचा तर वरची मंजुरी लागे. त्यामुळे मूळ कागद गावात हरवला तरी त्याची नक्कल तिथे मिळण्याची आशा असते. १८७० चं मध्य प्रांतांचं गॅझेटिअर आणि १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर दोन्ही वाचा. पहिल्यात तुमच्या गावात कोणत्या सार्वजनिक इमारती होत्या ते एक-दोन ओळींत असेल, दुसऱ्यात त्यात भर पडलेली दिसेल. या दोन यादींमधला फरक म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांतलं बांधकाम. समारंभाच्या बातमीसाठी जुनी वर्तमानपत्रं बघा. 'हितवाद' १९११ पासूनचा, गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र' १९१४ पासूनचा. गावातल्या उद्घाटनाला नागपूरचा पाहुणा गेला असेल तर बातमी आलेली असते.

जमिनीचा कागद वेगळा आणि तो फार लोक विसरतात. आपल्याकडे गावातली सरकारी जमीन म्हणजे नझूल. भूमी अभिलेख कार्यालयात नझूल शीट मागा आणि त्या प्लॉटची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. धारकाच्या रकान्यात नगरपालिका आहे, सरकार आहे की एखाद्या मालगुजाराचं नाव आहे, यावरून पुष्कळ कळतं. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांची पद्धत, ३१ मार्च १९५१ ला संपली. त्याआधी अनेक मालगुजारांनी कमेटीला जागा वापरायला दिली, पण दानपत्र केलं नाही. तुमच्या इमारतीचा प्लॉट तसा निघाला तर गाळे बांधण्याचा विषय आपोआप गुंतागुंतीचा होईल. सभेत बोलण्याआधी हा कागद हातात असलाच पाहिजे. जुन्या नझूल शीटवर इमारतीचा आकार काढलेला असतो. आजच्या आकारावर तो ठेवून बघा. शीटच्या सर्व्हेनंतर किती भाग वाढला ते डोळ्यांना दिसतं.

कागदांबद्दल मी बरंच लिहिलं, पण खरं सांगायचं तर मला स्वतःला इमारतच जास्त विश्वासाची वाटते. ठरावात लिहिलेलं काम कधी कधी होतच नाही. भिंत मात्र झालेलंच दाखवते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अशीच इमारत मोजत होतो. पुढे मोठं सभागृह, मागे दोन अंधाऱ्या खोल्या, त्यांतली एक रेकॉर्ड रूम. सगळ्यांचं म्हणणं असं की सगळं एकदम बांधलेलं. मी सभागृहाच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, दोन इंच लांब-रुंद चौकोन आखला आणि ब्लेडने चुन्याचे पापुद्रे एकेक करून काढत गेलो. तीन थर निघाले, पांढरा, फिकट हिरवा, पुन्हा पांढरा, आणि खाली गिलावा. मग मागच्या खोलीत तेच केलं. तिथे थर संपेचनात. पांढरा, निळीचा, पांढरा, गेरूचा पट्टा, पुन्हा पांढरा, आणि सगळ्यांत खाली पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीचा सुरेख पिवळा. चौदा थर मोजले. दरवर्षी दिवाळीला सफेदी होतेच असं नाही, म्हणून थरांवरून वर्षं मोजता येत नाहीत. पण एकाच इमारतीत एका खोलीला तीन आणि दुसरीला चौदा थर म्हणजे दोन्ही एका वयाच्या नाहीत, एवढं पक्कं.

त्याच खोलीत, सभागृहाकडच्या भिंतीत, गिलावा एका कमानीच्या रेषेत फुटलेला होता. ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ. परवानगी घेऊन थोडा गिलावा काढला. आत विटांनी बुजवलेली खिडकी होती. म्हणजे जी भिंत आज घराच्या आत आहे ती कधी काळी बाहेरची होती. खिडकीच्या तळाला वालुकाश्माची एक पट्टी, कामठीजवळच्या सिलेवाड्याकडे मिळतो तसा पिवळसर दगड. तिच्या मधोमध वाटीसारखा हलका खोलगा होता, हात लावला तर काचेसारखा गुळगुळीत. वरून पावसाचं पाणी पडून तसा खोलगा होत नाही. तिथल्या एका निवृत्त कारकुनाने बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे जकातीची खिडकी व्हय. इथूनच परतावा देत." गावात आणलेला माल पुन्हा बाहेर गेला की व्यापाऱ्याला भरलेली जकात परत मिळे, आणि त्यासाठी पावती घेऊन या खिडकीशी यावं लागे. वर्षानुवर्षं त्या दगडावरून नाणी सरकवली गेली होती. पुढे ठराव बही चाळताना नाक्याच्या मोहरिराच्या (कारकुनाच्या) खोलीला लागून बैठकीचं दालन काढण्याचा विषय सापडला, आणि भिंत व कागद एकमेकांशी जुळले. म्हणजे आधी जकातीची खोली, तिला चिकटून मग सभागृह. तुमच्या इमारतीत असंच असेल असं मी म्हणत नाही. पण मागच्या खोल्यांपासून सुरुवात करा. दर्शनी भाग सगळ्यात शेवटी झालेला असतो आणि पाटी त्याच्यावरच असते.

आणखी काय काय बघायचं ते सांगतो. विटा मोजा. चपट्या, दीड-दोन इंच जाडीच्या विटा मराठा काळातल्या किंवा जुन्या वाड्याच्या मालातून पुन्हा वापरलेल्या. नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीनच्या आसपास जाड असलेली वीट म्हणजे बांधकाम खात्याच्या साच्याची. दोन्ही एकाच भिंतीत असतील तर म्हाताऱ्यांच्या भोसल्यांना थोडा आधार मिळेल. जुडाई चुन्याची आहे का सिमेंटची ते सांध्यात खिळा फिरवून बघा. चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) यांची जुडाई गुलाबीसर असते आणि नखाने नाही तरी खिळ्याने खरवडते. सिमेंट राखाडी आणि कडक. भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सुरू झालं, आणि आपल्या मध्य प्रांतातला कटनीचा कारखाना १९१५ चा. त्याच्या आधी विलायती सिमेंट येत असे, पण लहान गावच्या कमेटीला ते परवडणारं नव्हतं. भिंतीत मुळापासून सिमेंट असेल तर ती १९१५ नंतरचीच धरा.

छताला लोखंडी गर्डर असतील तर शिडी लावून त्यांच्या मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरं शोधा. 'डॉर्मन लाँग' असेल तर विलायतेचा माल. 'टाटा' असेल तर १९१२ नंतरचा, कारण साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) भट्टीतलं पहिलं पोलाद त्या वर्षी निघालं. गंजाखाली अक्षरं दिसत नसतील तर खडू आडवा घासा, ती पांढरी उठून येतात.

कवेलूंच्या बाबतीत एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले लोक अडकतात. छपरावर इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं असतील तर एक उलटं करून बघा. मागे कारखान्याचं नाव असतं. 'बेसल मिशन, १८६५' असं वाचून एका गावाने इमारतीचा दीडशेवा वर्धापन दिन साजरा करायची तयारी केली होती. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, तुमच्या छपराचं नाही. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली, त्याआधी मंगलोरची कौलं इथवर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच कारखान्यांचा माल पहिल्या महायुद्धानंतर 'कॉमनवेल्थ' नावाने यायला लागला, कारण ती मिशनची मालमत्ता युद्धाच्या काळात ताब्यात घेतली गेली होती. तुमच्या छपरावर कॉमनवेल्थचा छाप सापडला तर ते छप्पर १९२० च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं. आणि छप्पर भिंतींपेक्षा तरुण असू शकतं हे विसरू नका. वादळाने, माकडांनी कवेलू फुटतात, बदलली जातात. म्हणून एकच न बघता छपराच्या वेगवेगळ्या उतारांवरची पाच-सहा बघा.

इमारतीच्या राजकीय इतिहासाकडेही लक्ष द्या, कारण सभेत तोच लोकांच्या मनाला भिडतो. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आपण पुस्तकात शिकवतो, पण त्याची ठिणगी नगरपालिकेच्या इमारतीवरून पडली हे मुलांना सांगत नाही. तेव्हा मध्य प्रांतातच असलेल्या जबलपूरला नगरपालिकेच्या टाऊन हॉलवर तिरंगा लावण्यावरून सरकारशी वाद झाला. तिथून चळवळ नागपूरला आली. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्यांना अटक होत गेली, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, जुलैमध्ये वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हातात घेतली, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. कमेटीची इमारत ही गावातली एकच सरकारी दर्जाची जागा होती जिच्यावर आपल्या निवडलेल्या माणसांचा थोडाफार हक्क होता. झेंडा तिच्यावरच लावावासा वाटणं स्वाभाविक होतं. तुमच्या प्रोसिडिंग बुकात १९२३, १९३०, १९३७ आणि १९४२ ही वर्षं बारकाईने वाचा. कोणत्या पाहुण्याला मानपत्र द्यायचं ठरलं, कोणत्या ठरावाला वरून हरकत आली, कमिटी कधी बरखास्त झाली. नागपूरची नगरपालिका २ मार्च १९५१ ला महानगरपालिका झाली, बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले, आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षा सोहळ्याच्या वेळी त्या महानगरपालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिलं. लहान गावांच्या सभागृहांतही अशा संध्याकाळी होऊन गेल्या आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांतले काही अजून हयात असतील. आधी त्यांच्याकडे जा, बस्ते पुढच्या महिन्यातही तिथेच असतील.

आता 'जीर्ण' या शब्दाबद्दल. अभियंत्याचा अहवाल मागून घ्या आणि त्यात नेमकं काय जीर्ण आहे ते वाचा. मी पाहिलेल्या बहुतेक इमारतींत छप्पर गेलेलं असतं, भिंती शाबूत असतात. त्या जकातीच्या खिडकीच्या इमारतीत असंच होतं. तिथे आधीच्या एका दुरुस्तीत कोणीतरी चुन्याच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो. ओल आत अडकली, वर चढत गेली, कैचीची, म्हणजे छपराच्या लाकडी सांगाड्याची टोकं भिंतीच्या माथ्यावरच्या ज्या सागाच्या पाटावर टेकली होती तो पाट कुजला आणि छप्पर एका अंगाला कललं. खालची अठरा इंची भिंत मात्र ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी होती. पाटाचे कुजलेले तुकडे बदलून, सिमेंट खरवडून, पुन्हा चुन्याचा गिलावा केल्यावर ती इमारत उभी राहिली, आज तिथे वाचनालय चालतं. म्हणून तुम्ही स्वतः एक ओळंबा घेऊन जा. भिंतीच्या माथ्यापासून सोडा आणि तीन ठिकाणी अंतर मोजून लिहा. भिंत ओळंब्यात असेल, पायाशी तिरपी भेग नसेल, तर सभेत तुम्ही अशी मागणी करू शकता की स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट, तेही चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या माणसाकडून, झाल्याशिवाय निर्णय घेऊ नये. भेगा ताज्या आहेत का हे कळायला त्यांच्यावर जिप्समची छोटी पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. महिन्याभरात पट्टी तडकली तर भेग हलते आहे, तेव्हा मात्र आत कोणालाही जाऊ देऊ नका, मुलांना तर नाहीच.

सभा कधी आहे हे तुम्ही लिहिलं नाही. पंधरा दिवस असतील तर नझूलची आखीव पत्रिका आणि अवलोकनाचा अर्ज आजच द्या, कारण त्या दोन्हींना वेळ लागतो. तोवर शाळेतल्या चार मुलांना घेऊन इमारतीचा नकाशा काढा. तीस मीटरचा टेप, वही, पेन्सिल पुरे. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण, दोन्ही कर्ण. कर्ण सारखे नसतील तर ती खोली नंतर जोडलेली असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक भिंतीची जाडी दारात उभं राहून मोजा. जाडी जिथे बदलते तिथे लाल खूण करा. तो नकाशा, पाटीचा फोटो, एका कवेलूच्या पाठीचा फोटो आणि विटेशेजारी फूटपट्टी ठेवून काढलेला फोटो मला पाठवा, मग कोणती भिंत आधी उघडून बघायची ते मी सांगतो.